हप्ता दहा तारखेला, निर्णय तिसऱ्या रविवारी: लांब मुदतीचे कर्ज फेडताना मन कसे सांभाळावे

माझ्यावर एकूण किती कर्ज आहे, हे २०१४ च्या जूनपर्यंत मला नेमके ठाऊक नव्हते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेबनीस आहे आणि दुसऱ्याच्या पैशांचा ताळा रुपयापर्यंत जुळल्याशिवाय मी संध्याकाळी खुर्चीवरून उठत नाही; घरी मात्र बँकेकडून आलेली पाकिटे न फोडता फ्रिजवर रचून ठेवलेली होती. वडिलांचे लांबलेले आजारपण, त्यांच्यामागे वर्षाच्या आत उरकावे लागलेले बहिणीचे लग्न आणि या दोन्हींच्या अधेमधे केलेली उसनवारी, असे सगळे मिळून त्या रात्री बेरीज ७ लाख ४० हजार रुपये निघाली. शेवटचा हप्ता २०२३ च्या मार्चमध्ये गेला. मधल्या पावणेनऊ वर्षांत जे उशिरा उमगले, ते दुसऱ्या कोणाला लवकर उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

कर्ज दर महिन्याला ठरलेल्या चालीने उतरते, मनाला तशी चाल नसते. ते एखाद्या दिवशी उगाच हलके होते, एखाद्या दिवशी उगाच खचते, आणि माझ्या सगळ्या मोठ्या चुका या दोन प्रकारच्या दिवशीच झाल्या. २०१५ च्या दिवाळीत बोनस हातात पडला त्या संध्याकाळी मी नवी पेठेतून मोठा टीव्ही हप्त्यांवर घेऊन घरी आलो, कारण त्या दिवशी कर्ज जणू फिटल्यातच जमा होते. त्यानंतर चार महिन्यांनी रात्री नऊ वाजता वसुलीच्या फोनवर नाही नाही ते ऐकून घ्यावे लागले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले सगळे २२ हजार मी त्या खात्यात भरून टाकले. अपमान तेवढ्यापुरता धुऊन निघाला आणि पुढच्याच महिन्यात मुलीच्या टायफॉइडसाठी पुन्हा हात पसरावे लागले.

या दोन प्रसंगांनंतर आमच्या घरात एक नियम झाला आणि तो शेवटपर्यंत टिकला. मनाला जे वाटायचे ते कोणत्याही दिवशी वाटो, कर्जाविषयीचा कोणताही निर्णय महिन्याच्या तिसऱ्या रविवारीच घ्यायचा. जादा रक्कम भरायची की नाही, नवीन वस्तू घ्यायची की नाही, एक कर्ज काढून दुसरे मिटवायचे की नाही, कोणाला जामीन राहायचे की नाही, हे सगळे प्रश्न त्या दिवसापर्यंत वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. तिसरा रविवार निवडण्यामागे हिशेब होता. तोपर्यंत पगार झालेला असतो, दहा तारखेचा हप्ता गेलेला असतो, किराणा भरलेला असतो आणि हातात जो पैसा उरतो तो खरा असतो. पगाराच्या दिवशी दिसतो तो पैसा खरा नसतो, हे नोकरदाराला वेगळे सांगायला नको. मागच्या पानावर लिहिलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक रविवार उजाडेपर्यंत आपोआप निकालात निघतात, हा माझा अनुभव आहे.

मोजणीची रात्र

सुरुवात मोजणीपासूनच करावी लागते आणि तीच सर्वांत अवघड असते. आकडा कळला तर आपण कोसळू, अशी भीती असते. प्रत्यक्षात आकडा न कळण्यामुळेच मन रोज थोडेथोडे कोसळत असते. एका बैठकीत सगळी पाकिटे फोडावीत, पासबुके भरून आणावीत, मोबाईलमधले संदेश चाळावेत आणि हातउसने घेतलेलेही लिहावे. सिबिलसारख्या पतमाहिती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनाशुल्क मिळतो. विसरलेले एखादे कार्ड किंवा जुने खाते त्यात सापडते.

वहीत सहा रकाने आखावेत. पहिले पाच सर्वांना सुचतील असे आहेत: कोणाचे देणे, मुद्दल बाकी किती, व्याजाचा दर, दरमहा हप्ता आणि संपण्याची तारीख. सहावा रकाना आमच्या घरी पत्नीने सुचवला आणि पुढे तोच सर्वांत उपयोगी ठरला. त्याला आम्ही 'मनावरचा भार' असे नाव दिले. प्रत्येक कर्जापुढे दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता, एक ते दहापैकी एक आकडा लिहायचा.

माझ्या वहीत बँकेचे वैयक्तिक कर्ज ३ लाख १५ हजार, पतसंस्थेचे २ लाख १० हजार, सोनेतारण ९० हजार, मामांकडून घेतलेले हातउसने ७० हजार आणि क्रेडिट कार्डाचे ५५ हजार असे पाच धनको होते. दराने पाहिले तर कार्ड सर्वांत घातक होते, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. मामांचे पैसे बिनव्याजी होते, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने ते सर्वांत शेवटी फेडायला हवेत. परंतु सहाव्या रकान्यात मी मामांपुढे दहा लिहिले होते, आणि पत्नीने बँकेत गहाण पडलेल्या तिच्या पाटल्यांपुढे दहा लिहिले होते, ज्यांचा दर व्याजी कर्जांत सगळ्यांत कमी होता. तिच्या मनात ती गोष्ट एवढी मोठी आहे, हे मला त्या रात्रीपर्यंत कळलेले नव्हते.

अशा वेळी क्रम कसा लावावा? जास्त दराचे कर्ज आधी फेडावे, हे गणित बिनतोड आहे. लहान कर्ज आधी मिटवल्याने उमेद येते, हेही खरे आहे. माझे मत असे की कार्डासारखे चाळीस टक्क्यांचे कर्ज असेल तर तिथे भावनेला विचारू नये, आधी ते मिटवावे आणि कार्ड कापून टाकावे. कार्डाची केवळ किमान रक्कम भरत राहणे म्हणजे हप्ता भरल्याचे समाधान मिळवून कर्ज आहे तिथेच ठेवणे होय. बाकीच्या कर्जांच्या दरांत दोन-चार टक्क्यांचाच फरक असेल तर मात्र सहाव्या रकान्याला मान द्यावा. आम्ही दीड वर्षात कार्ड मिटवले आणि त्याच काळात मामांना दरमहा दोन हजार द्यायला सुरुवात केली. मंगळवेढ्याला पहिल्यांदा पैसे घेऊन गेलो तेव्हा मामा म्हणाले, "असू दे रे, मी कुठे मागितले?" मी पैसे चौकटीतल्या फोटोखाली ठेवून आलो. त्यानंतरच्या एका लग्नात मी त्यांच्या पंगतीला बसून जेवलो. आधीची दोन वर्षे मी ते येणार असतील तिथे जाणेच टाळत होतो. या बदलाची किंमत व्याजाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

घरात कोणाला, किती सांगावे

पती-पत्नीत रुपयाचीही लपवालपवी असू नये, कारण लपवलेल्या कर्जाचा भार एकट्यावर पडतो आणि तो उघड होतो तेव्हा पैशापेक्षा विश्वासाचे नुकसान मोठे होते. सांगण्याची वेळही तिसऱ्या रविवारीच ठेवावी. रात्री झोपताना किंवा पाहुणे गेल्यागेल्या हा विषय काढू नये. आमच्याकडे पहिल्या काही बैठका भांडणातच संपल्या. बहिणीच्या लग्नात किती खर्च करायला हवा होता, यावर तर आम्ही तीन रविवार घालवले. शेवटी ठरले की वहीत मागच्या तारखांचा विषय नाही, फक्त पुढच्या तारखांचा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मी आकडा सांगितला नाही. आईला एवढेच सांगितले की मोठे देणे आहे, ते दरमहा कमी होत आहे आणि घरावर बोजा नाही. तिला रक्कम सांगितली असती तर तिने औषधे घेणे बंद केले असते, हे मला माहीत होते. ज्यांच्या घरी आई-वडिलांनी स्वतः व्यवहार केलेले असतात त्यांनी वेगळा विचार करावा.

मुलांना मात्र त्यांच्या वयाला पेलेल इतके जरूर सांगावे, कारण त्यांना घरातला ताण आधीच जाणवत असतो आणि कारण न कळल्यास ती स्वतःलाच दोष देतात. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा सुरू झाली की सोलापुरातल्या प्रत्येक मुलाचे डोळे होम मैदानावरच्या पाळण्यांकडे लागतात. पहिल्या वर्षी मी मुलांना गड्ड्यावर, म्हणजे या जत्रेत, नेलेच नाही, काम असल्याचे खोटे कारण सांगितले, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा आवाज घरात बसून ऐकला. ती काटकसर नव्हती, शिक्षा होती. पुढच्या वर्षापासून दरमहा पन्नास रुपये एका डब्यात टाकू लागलो. सहाशे रुपयांत दोघा मुलांचे पाळणे, भेळ आणि एकेक खेळणे व्हायचे, आणि डब्यात किती आहेत हे त्यांनाच मोजायला लावल्यामुळे हट्ट कधी झाला नाही.

काटकसरीविषयी यापेक्षा फार काही सांगण्यासारखे नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत उत्साहाच्या भरात माणूस चहासुद्धा सोडतो, पाचव्या महिन्यात सगळे एकदम फुटते आणि एका दिवसात पाच महिन्यांची बचत उडते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात नेणे सोलापूरकराला जड जात नाही; पण जे सोडले तर चिडचिड होते ते सोडू नये, त्याची रक्कम ठरवून घ्यावी.

एक गोष्ट मात्र हप्त्याइतकीच सक्तीची मानावी, ती म्हणजे अडीअडचणीची शिल्लक. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून प्रत्येक घरात पिंप भरलेले असते. नळ येईल तेव्हा बघू असे कोणी म्हणत नाही. पैशाचे पिंपही तसेच भरावे, आधी एका हप्त्याइतके आणि मग हळूहळू तीन हप्त्यांइतके. कर्ज अंगावर असताना बचत कशाला, असे हिशेब सांगतो. परंतु त्या बावीस हजारांच्या अनुभवानंतर मी हिशेबनीस असूनही सांगतो की रिकाम्या पिंपासमोर बसलेले मन कोणालाही होकार देते.

मधली सपाट वर्षे

सुरुवातीला भीती असते, शेवटी घाई असते. मध्ये काहीच नसते, आणि हा काळ सर्वांत लांब असतो. ज्यांचे घरकर्ज आहे त्यांना हे अधिक जाणवते, म्हणून एक हिशेब मांडून दाखवतो. जुळे सोलापुरात सदनिका घेताना कोणी १५ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १३,४९६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ११,२५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल उतरते केवळ २,२४६ रुपयांनी. पाच वर्षांत तो गृहस्थ सुमारे ८ लाख १० हजार रुपये भरतो आणि मुद्दल कमी झालेले असते अवघे १ लाख ६९ हजार. निम्मे मुद्दल फिटायला चौदा वर्षे लागतात.

पाचव्या वर्षी बँकेचे विवरण पाहून माणूस खचतो, आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते. फसवणूक झालेली नसते. व्याज शिल्लक मुद्दलावर लागते, मुद्दल सुरुवातीला मोठे असते, म्हणून हप्त्याचा मोठा भाग व्याज खाते. दर तोच राहिला तर बारा वर्षे उलटल्यानंतर कधीतरी पारडे फिरते. हा तक्ता कर्ज घेतानाच मागून घ्यावा आणि कोणत्या वर्षी किती उतरणार हे आधीच पाहून ठेवावे. पुढे चढ आहे हे माहीत असलेला वारकरी चढावर थांबतो, परत फिरत नाही.

याच तक्त्यातून दिलासाही निघतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या शेवटी ५० हजार रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे एकोणीस हप्ते गळून पडतात, म्हणजे अडीच लाखांहून अधिक रुपयांचे हप्ते वाचतात. बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीला मुदतीपूर्वी पैसे भरल्याबद्दल बँक दंड आकारू शकत नाही. जादा रक्कम भरताना 'हप्ता कमी करू की मुदत?' असे शाखेत विचारतात, तेव्हा जमत असेल तर मुदत कमी करायला लेखी सांगावे. मन पटकन हप्ता कमी करायला सांगते, म्हणून हाही निर्णय घरून करूनच जावे.

मधल्या वर्षांत मनाला हलताना दिसेल असे काहीतरी हवे असते. आमच्या कारखान्यात जॅकार्डची नक्षी आधी चौकटीच्या आलेख कागदावर काढतात आणि बाद झालेले कागद रद्दीत जातात. त्यातला एक मी घरी आणला, त्यावर ७४० चौकोनांचा मोर आखला आणि एक चौकोन म्हणजे हजार रुपये मुद्दल असे ठरवले. हप्ता कितीही जावो, मुद्दल जेवढे उतरेल तेवढेच चौकोन रंगवायचे. रंगवण्याचे काम मुलीकडे होते. काही महिन्यांत तिला फक्त पाच-सहा चौकोन मिळायचे आणि ती कुरकुर करायची, पण मोराचे पाय पूर्ण झाले, मग पोट भरत आले, हे भिंतीवर रोज दिसत होते.

२०१७ च्या जूनमध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी दोन लाखांचे नवे कर्ज घ्यावे लागले. मागे पडण्याचे दुःख पहिल्या कर्जापेक्षा मोठे असते, कारण या वेळी आपल्याला सगळा रस्ता माहीत असतो. मी जुन्या कागदाला डिंकाने दुसरा कागद जोडला, त्यावर दोनशे चौकोन आखले आणि बराच वेळ हातात पट्टी धरून बसून राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, पिसारा मोठा झाला." एवढ्यावर पुन्हा सुरुवात झाली. असे मागे पडणे जवळजवळ प्रत्येक लांब कर्जात एकदा तरी येते. त्याला हार समजून वही बंद करू नये, कागद जोडावा.

कागद जोडण्यात आणि 'नवे-जुने' करण्यात मात्र फरक ओळखावा. थकलेले कर्ज नव्या कर्जाने भरून खाते नियमित दाखवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. त्या दिवशी फार मोकळे वाटते, पण थकलेले व्याज मुद्दलात मिसळते आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होते. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तेव्हाही हेच घडले. यंत्रमाग बंद, कारखाना बंद, अर्धा पगार. मी ती सवलत घेतली आणि तिची खरोखर गरज होती. पण सवलत म्हणजे माफी, असा समज करून घेतल्यामुळे नंतर धक्का बसला: शिल्लक १ लाख १० हजारांवर सुमारे ८ हजार रुपये व्याज चढले, आणि सहा महिने पुढे गेलेल्या हप्त्यांत आणखी जवळपास अडीच हप्त्यांची भर पडली. सवलत घेताना तिची किंमत त्याच दिवशी वहीत लिहिली असती तर तो धक्का बसला नसता.

हप्ता चुकतो तेव्हा

पहिला हप्ता चुकला की लाजेने माणूस शाखेचा रस्ता बदलतो. नेमके उलटे करावे. हप्ता चुकणार हे कळताच, तारखेच्या आधी, शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बँकेत नव्वद दिवसांहून अधिक थकलेले खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या धोक्यातले, ठरते. त्याआधी बोलणी करायला जितकी जागा असते तितकी नंतर राहत नाही.

बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकीत कर्जाच्या वसुलीसाठी फोन करू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांत व मित्रांत बदनामी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला रात्री नऊ वाजता आलेल्या फोनच्या वेळी हे माहीत असते तर मी रडकुंडीला येण्याऐवजी वेळ, क्रमांक आणि वाक्ये लिहून घेतली असती. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला शुल्क नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. विनापरवाना सावकारी करणे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि त्याची तक्रारही सहकार खात्याच्याच सहायक निबंधकाकडे करता येते. कोरे धनादेश व कोरे मुद्रांक देऊन बसलेल्यांनी ही वाट लवकर धरावी.

आपल्याकडे खरी लाज बँकेची नसते, जामीनदाराची असते. पतसंस्थेच्या कर्जाला माझे दोन सहकारी जामीन होते. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि संस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला तर त्याच्याही पगारावर येते. एकदा माझा हप्ता दोन महिने लांबला आणि त्या दोघांना नोटीस गेली. कोणी काही बोलले नाही, पण दुपारच्या चहाला माझा कप वेगळा यायला लागला, किंवा मला तसे वाटायला लागले. शेवटी मीच पासबुक घेऊन त्यांच्यापुढे ठेवले आणि केव्हा किती भरणार ते सांगितले. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी, न विचारता, मी त्यांना पासबुक दाखवत गेलो. जामीनदाराला जास्त त्रास थकबाकीचा होत नाही, काही न कळण्याचा होतो.

मनाची एक पातळी अशी असते की जिथे वही, रविवार, रंगवलेला कागद यांपैकी काही पुरत नाही. झोप उडाली, जेवण सुटले, आपण नसलो तर घर कर्जातून सुटेल असे विचार येऊ लागले, तर तो कर्जाचा प्रश्न राहिलेला नसतो. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगावे, डॉक्टरांकडे जावे, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनाशुल्क आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. या एका गोष्टीसाठी तिसऱ्या रविवारची वाट पाहू नये.

शेवटचा टप्पा आणि त्यानंतर

शेवटच्या वर्षात मन अधीर होते. थकलेल्या खात्यावर 'एकरकमी कमी रक्कम भरा, खाते मिटवतो' असा प्रस्ताव आला तर सुटल्यासारखे वाटते. परंतु अशा खात्याची पतअहवालात 'बंद' अशी नोंद होत नाही, 'तडजोड' अशी होते, आणि पुढे मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. दुसरा पर्यायच नसेल तर तडजोड जरूर करावी. केवळ कंटाळा आला म्हणून करू नये. याच वर्षी 'आता फिटतच आले आहे' म्हणून नवे काही घेण्याची इच्छा होते आणि पूर्वमंजूर कर्जाचे संदेशही नेमके याच वर्षी वाढतात, कारण नियमित फेडणारा कर्जदार सर्वांनाच हवा असतो.

पाटल्या आम्ही २०१८ मध्येच सोडवल्या होत्या. बँकेतल्या माणसाने लाखेचे सील असलेली कापडी पिशवी आमच्यासमोर कापली, पाटल्या काट्यावर ठेवल्या, वजन कागदाशी ताडून पाहिले आणि सही घेतली. पत्नीने त्या तिथेच हातात घातल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर घातल्या, आणि घरी येईपर्यंत पदराखाली हात झाकून ठेवला. मला वाटले होते ती खूश होऊन बोलेल. ती दोन दिवस फारसे काही बोललीच नाही.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशीही असेच होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. माझा अखेरचा हप्ता अर्ध्याहून कमी, दोन हजारांच्या आतला होता. मोबाईलवर संदेश आला, मी तो दोनदा वाचला आणि पुन्हा गठ्ठ्यांच्या नोंदी करायला बसलो. आनंदाऐवजी पोकळी वाटली. पुढचे कितीतरी महिने दहा तारीख जवळ आली की छातीत धडधडायचे आणि मग आठवायचे की आता काही भरायचे नाही. इतकी वर्षे प्रत्येक रुपयाला जाण्याची जागा ठरलेली असते; ती अचानक संपली की मन एकतर सैरभैर खर्च करते किंवा खर्च करायलाच भिते. त्यावर उपाय असा की हप्त्याची रक्कम त्याच तारखेला, आपोआप, स्वतःच्या आवर्ती ठेवीत वळती करावी आणि सहा महिने काही ठरवूच नये.

त्या काळात कागदपत्रांची कामे उरकावीत. कर्ज संपल्याचा बेबाकी दाखला घ्यावा, कोरे धनादेश परत मागावेत, खात्यातून कर्जाकडे आपोआप पैसे वळते होण्याचा आदेश रद्द करावा आणि जामीनदारांना दाखल्याची एक प्रत स्वतः नेऊन द्यावी. मालमत्ता तारण असेल तर पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढवलेला असेल तर तो कमी करण्याचा अर्ज आपणच तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात द्यावा लागतो, तो आपोआप उतरत नाही. दोन महिन्यांनी पतअहवाल काढून खाते 'बंद' दिसते का ते पाहावे.

तिसऱ्या रविवारची बैठक आम्ही मोडली नाही. २०२३ च्या एप्रिलमधल्या त्या रविवारी वही उघडली तेव्हा सहाही रकाने मोकळे होते. मुलीने दोन कागदांचा जोडलेला मोर घडी करून वहीत ठेवला, पत्नीने नव्या पानावर 'पिंपाची तोटी बदलणे, ८० रुपये' असे लिहिले, आणि आम्ही चहा घेतला.